पहिलीच्या वर्गातला हिवाळा: उपक्रम कोणत्या क्रमाने घ्यायचे आणि कुठे चुकतं

डिसेंबर उजाडला की पहिलीच्या भिंतींवर कापसाचे हिममानव दिसायला लागतात. शाळा असते बार्शीची किंवा सिन्नरची. तिथल्या मुलांनी बर्फ पाहिलेला असतो तो गोळ्याच्या गाडीवर, तोही उन्हाळ्यात. मग छापील चित्र रंगवून होतं, खाली ‘हिवाळा’ असं लिहून होतं, फोटो ग्रुपवर जातो आणि उपक्रम संपतो.

चूक हिममानवापुरती नाही. हुरड्याचं चित्र दिलं तरी तीच चूक होते, कारण कागद आधी येतो आणि थंडी नंतर, किंवा येतच नाही. सहा वर्षांच्या मुलासोबत क्रम असा हवा: आधी हाताला लागू द्या, मग बोलू द्या, मग चित्र, मग शब्द किंवा संख्या. वही सगळ्यात शेवटी. खालचे टप्पे याच क्रमाने रचले आहेत. ते डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत चालतात.

‘अभ्यासक्रम कधी पूर्ण करायचा?’ हा प्रश्न येणारच. निपुण भारत या केंद्र सरकारच्या पायाभूत वाचन-गणिताच्या अभियानात पहिलीच्या अखेरीस मुलाने चार-पाच सोप्या शब्दांचं वाक्य वाचावं आणि ९९पर्यंतच्या संख्या वाचाव्यात, लिहाव्यात अशी अपेक्षा आहे. हे उपक्रम भाषेच्या आणि गणिताच्या तासातच बसतात. वेगळा तास मागू नका.

## पूर्वतयारी

तारखा आधी बघा. ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती, १२ला जिजाऊंची, १४ला (एखाद्या वर्षी १५ला) संक्रांत, २६ला ध्वजवंदन. मध्येच केव्हातरी स्नेहसंमेलन आणि क्रीडास्पर्धा. संमेलनाच्या आधीच्या आठवड्यात नवं काही सुरू करू नका, त्या आठवड्यात वर्ग तुमचा नसतो. सावलीचा उपक्रम मात्र २१ डिसेंबरच्या आत सुरू झालाच पाहिजे. का ते पुढे येईल.

सामान. पारदर्शक बाटल्या तीन, थोडं खोबरेल तेल, थोडं शेंगदाण्याचं किंवा सोयाबीनचं तेल. एक मीटर लांबीची सरळ काठी. सुतळीचा गुंडा. मूठ-मूठ मेथी, हरभरा, गहू. रिकाम्या काडेपेट्या, निदान तीस. बोरांच्या धुऊन वाळवलेल्या बिया, तीनशेच्या आसपास. बिया मुलंच जमवतात, मधल्या सुट्टीत बोरं खाऊन त्या थुंकल्या जातातच. एक डबा ठेवला की पंधरवड्यात भरतो.

पालकांना निरोप. दोन ओळी पुरेत: घरून काही विकत आणायचं नाही, आणि मुलाला तीळ किंवा शेंगदाणे चालत नसतील तर कळवा.

> सावध: ‘उद्या सगळ्यांनी आपापला स्वेटर दाखवायला आणा’ असं कधीही सांगू नका. वर्गात दोन-तीन मुलं अशी असतात की ज्यांच्याकडे स्वेटर नसतो, आणि ती दुसऱ्या दिवशी शाळेतच येत नाहीत. कपड्यांवर बोलायचं तर तुमची स्वतःची शाल, मफलर, एखादी गोधडी आणा आणि ती सगळ्यांच्या हातांतून फिरू द्या.

> सावध: या वयाची मुलं बी नाकात किंवा कानात घालतात. हरभरा नाकात गेला की ओलाव्याने फुगतो. बियांचं काम गटात आणि तुमच्या नजरेसमोरच घ्या. संपल्यावर बिया परत डब्यात जाताना डोळ्यांनी बघा. नाकात गेलीच तर काडीने, पिनेने उकरायला जाऊ नका, सरळ दवाखाना गाठा.

## टप्पा १: थंडीवर बोलणं

पहिल्या तासाला मुलांना दहा मिनिटं बाहेर काढा. आधी सगळी सावलीत उभी, मग सगळी उन्हात. हात भिंतीला लावा, लोखंडी फाटकाला लावा, एकमेकांच्या गालाला लावा. वर्गात आल्यावर विचारा: ‘सगळ्यात गार काय लागलं? सकाळी उठल्यावर आधी काय केलंस? घरात सगळ्यात जास्त थंडी कुणाला वाजते?’

‘हिवाळ्यात आपण कोणते कपडे घालतो?’ या प्रश्नाला एकच उत्तर असतं. एक हुशार मूल ते देतं, बाकीची सुरात ओढतात. तो बोलण्याचा तास राहत नाही, पाठांतराचा होतो.

मुलं घरचे शब्द आणतील. कुणी ‘हीव वाजतंय’ म्हणेल, कुणी ‘काकडलो’, कुणी ‘गारठा पडला’. आलेला शब्द आलेल्या रूपात फळ्यावर लिहा. ‘तसं नाही, थंडी म्हणायचं’ असं दुरुस्त केलंत की ते मूल पुढचा आठवडाभर तोंड उघडत नाही. पाड्यावरच्या किंवा तांड्यावरच्या मुलाने त्याच्या बोलीतला शब्द दिला तर तोही लिहा.

आता वाचनाचे शब्द. इथे बहुतेक वर्ग घसरतात, कारण ऋतूचे शब्द म्हणून ‘स्वेटर’, ‘थंडी’, ‘शेकोटी’ एकदमच फळ्यावर येतात. बोलायला ते सोपे आहेत, वाचायला नाहीत. चढण अशी ठेवा:

- कोणतंही चिन्ह नसलेले: दव, गवत, गरम
- कान्याचे: गार, शाल, गाजर, गारठा, हरभरा
- वेलांटी-उकाराचे: तीळ, गूळ, मुळा
- स्वराने सुरू होणारे: ऊन, ऊस
- मग मात्रा आणि अनुस्वार: बोर, शेकोटी, थंडी
- ‘स्वेटर’ तूर्त फक्त बोलण्यात. जोडाक्षराची घाई नको.

तपासा: मूल ‘गार’ वाचतं, पण ‘गारठा’ला अडतं? मग ते अक्षरांवर नाही, शब्दाच्या लांबीवर अडलंय. ‘गार’ झाकून ‘ठा’ वाचून घ्या, मग दोन्ही जोडा.

## टप्पा २: गोठलेलं खोबरेल

हिवाळ्यातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त बोलकं करणारा उपक्रम. खोबरेल तेल साधारण २४–२५ अंशांच्या खाली घट्ट होतं. डिसेंबर-जानेवारीत देशावर आणि विदर्भात सकाळी ते दगड झालेलं असतं आणि दुपारच्या उन्हात पुन्हा पातळ. मुलांनी हे घरी रोज पाहिलेलं असतं, फक्त त्यावर कुणी प्रश्न विचारलेला नसतो.

१. आदल्या रात्री घरी करून बघा. बाजारातली काही केसांची तेलं मिश्र असतात, ती गोठत नाहीत. शुद्ध खोबरेल घ्या.

२. तेल पारदर्शक बाटलीत ओता. दुकानातल्या निळ्या बाटलीत आत काय चाललंय ते दिसत नाही, आणि तीच बाटली वर्गात नेण्याची चूक हमखास होते. बाटली अर्धीच भरा. भरलेली बाटली आडवी केली तर तेल वाहतंय की नाही ते कळत नाही.

३. अशा दोन बाटल्या खोबरेलच्या, एक शेंगदाण्याच्या तेलाची. शनिवारची सकाळची शाळा यासाठी उत्तम.

४. बाटल्या फिरवा. आडवी करून बघा, हलवून बघा, तळहातात धरून बघा. हाताच्या उबेने कडेचं तेल सुटायला लागतं. ते ज्या मुलाच्या लक्षात येईल त्यालाच सांगू द्या, तुम्ही बोलू नका.

५. आता अंदाज. एक बाटली उन्हात, एक वर्गाच्या गार कोपऱ्यात. ‘सुट्टीपर्यंत काय होईल?’ प्रत्येकाने एक खडा घ्यायचा आणि फरशीवर खडूने काढलेल्या दोन चौकटींपैकी एकात ठेवायचा: पातळ होईल, होणार नाही. ही पायरी गाळली तर उरलेला उपक्रम जादूचा खेळ ठरतो. मूल टाळ्या वाजवतं आणि विसरतं. खडा ठेवलेलं मूल मात्र सुट्टीत तीनदा बाटली बघून येतं.

६. सुट्टीनंतर बघा, बोला. मग पुढचा प्रश्न: ‘हे तेल परत घट्ट होईल का?’ उत्तर देऊ नका. बाटली शाळेतच राहू द्या. दुसऱ्या दिवशी सगळ्यात आधी पोचणारं मूल उत्तर सांगेल.

शेंगदाण्याचं तेल आपल्याकडच्या थंडीत पातळच राहतं. त्यामुळे ‘थंडीत सगळी तेलं गोठतात’ हा निष्कर्ष आपोआप मोडतो. मुलं ‘तेलाचा बर्फ झाला’ म्हणतात. ते खोडू नका, विचारा: ‘बर्फ वितळला की काय होतं? आणि हे वितळलं की?’

कोकणात, मुंबईत, गोव्यात थंडी तेवढी कडक नसते, तेल काही वेळा नुसतं गढूळ होतं. तिथे बाटली थोडा वेळ बर्फाच्या पाण्यात ठेवा आणि पाचव्या पायरीपासून पुढे जा.

वहीत तीनच वाक्यं: *तेल गार आहे. तेल गरम आहे. तेल पातळ आहे.* ‘घट्ट’ आणि ‘उन्हात’ हे तोंडी राहू द्या.

## टप्पा ३: सावलीची सुतळी

हा एका दिवसाचा उपक्रम नाही, दोन महिन्यांचा आहे, आणि म्हणूनच तो अर्ध्यात सुटतो. २१-२२ डिसेंबरला दुपारची सावली वर्षातली सगळ्यात लांब असते, त्यानंतर ती आखडत जाते. जानेवारीत सुरू केलंत तर पहिली, सगळ्यात लांब सुतळीच हातून जाते.

१. काठी पत्र्याच्या डब्यात ओली वाळू ठासून उभी करा. सुतळीला दगड बांधून ओळंबा धरा. काठी तिरकी असेल तर सगळी मापं फुकट.

२. जागा सपाट हवी आणि दुपारी तिथे झाडाची किंवा छताची सावली नको. डब्याभोवती ऑइलपेंटने गोल काढून ठेवा. खडू पुसला जातो, मग डबा दर आठवड्याला नव्या जागी बसतो.

३. पहिल्या दिवशी तीनदा बघा: शाळा भरल्यावर, दुपारी, सुटण्याआधी. सावलीचं टोक खडूने खुणावून घ्या. सावली लांबीने बदलते तशी दिशेनेही बदलते, हे मुलांना फरशीवर दिसतं.

४. मग आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी. पुण्या-मुंबईकडे सूर्य माथ्याकडे सगळ्यात वर येतो तो साडेबारा ते पाऊणच्या सुमारास, नागपूरकडे सव्वाबाराच्या आसपास. घड्याळातले बारा धरू नका.

५. सावलीएवढी सुतळी कापा. वरच्या टोकाला कागदाचा तुकडा, त्यावर तारीख. सगळ्या सुतळ्या एकाच आडव्या दोरीवर ओळीने टांगा. वरची टोकं एका रेषेत हवीत. ती खाली-वर बांधली की तुलना संपली.

तुमच्या माहितीसाठी: एक मीटरच्या काठीची दुपारची सावली पुण्याच्या आसपास डिसेंबरअखेर सुमारे ९० सेंटिमीटर असते, फेब्रुवारीच्या मध्यावर ती ६०च्या जवळ येते. नागपूरला डिसेंबरात ती जवळजवळ काठीएवढीच भरते. मुलांना सेंटिमीटर सांगायचे नाहीत. त्यांनी सुतळी वितीने मोजायची. एकाच सुतळीच्या कुणी सहा विती सांगेल, कुणी आठ. भांडण होऊ द्या. ‘मग एकाच्याच वितीने मोजू या’ हे कुणीतरी म्हणतंच, आणि मापनाचा धडा तिथेच होतो.

‘सावली लहान का झाली?’ याचं उत्तर पहिलीत एवढंच: दुपारी सूर्य आता जरा आणखी वर चढतो. पृथ्वीचा कललेला अक्ष चौथी-पाचवीत बघू. घरी आजी म्हणतेच, संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने वाढतो. तिला हा सुतळ्यांचा पडदा दाखवायला शाळेत बोलवा.

> सावध: ‘सूर्य कुठे आहे ते बघा’ असं चुकूनही म्हणू नका, मुलं खरोखर बघतात. पाठ सूर्याकडे, नजर सावलीकडे.

सर्रास होणारी चूक: काठीऐवजी मुलांचीच सावली मोजणं. खेळ म्हणून पहिल्या दिवशी जरूर घ्या. मोजायला नको, मूल एक क्षण सरळ उभं राहत नाही.

## टप्पा ४: शेताकडे फेरी, मग पेरणी

गावातली शाळा असेल तर अर्धा तास पुरतो. मालकाला आदल्या दिवशी विचारा आणि फवारणी केव्हा झाली तेही विचारा. दोन-चार दिवसांत झाली असेल तर दुसरं शेत निवडा. जोड्या लावा, एक मोठं माणूस पुढे, एक मागे.

फक्त तीन पिकं दाखवा: शाळू, हरभरा, गहू. हरभऱ्याच्या पानांवर हात फिरवायला सांगा. बोटांना ओलसर, चिकट लागते ती आंब. फवारणी नाही याची खात्री असेल तरच बोट जिभेला लावू द्या. ती आंबट चव आणि तेव्हाचे चेहरे दुसऱ्या कोणत्याही शैक्षणिक साहित्यातून मिळायचे नाहीत. परतल्यावर हात धुवायला लावा.

शहरातल्या शाळेने मंडईत जावं. टहाळ (ओल्या हरभऱ्याच्या जुड्या), ओला वाटाणा, पातीचा कांदा, गाजरं एकाच फेरीत दिसतात.

मग पेरणी. प्रत्येक मुलाला कागदी पेला आणि मूग देण्याची पद्धत सोडा. तीस पेल्यांना शनिवार-रविवार कुणी पाणी घालत नाही, किंवा तिसऱ्या दिवशी इतकं घालतात की सगळं कुजून वर्गात वास सुटतो. शिवाय मुगाला ऊब लागते, कडक थंडीत तो रेंगाळतो. मेथी, गहू, हरभरा थंडीतलेच. सहा गट, गटाला एक पसरट ट्रे, चाळलेली माती, रात्रभर भिजवलेली मेथी, वरून मातीचा पातळ थर. पाणी शिंपडायचं, ओतायचं नाही. गटातल्या एकाचीच पाळी, नाव ट्रेवर.

कोंब वर यायला चार दिवसांपासून आठवडाही लागतो. नोंदीच्या कागदावर चार चौकटी: पेरलं, काही नाही, कोंब, पानं. ‘काही नाही’ची चौकट गाळू नका. रिकामी माती काढणारं मूल वाट बघायला शिकतंय, आणि जे मूल दुसऱ्याच दिवशी पानं काढतं ते ट्रे न बघता काढतंय हे तुम्हाला तिथेच कळतं.

## टप्पा ५: बोराच्या बिया आणि दशक

गटाला पन्नासच्या आत-बाहेर बिया द्या, आकडा सांगू नका. आधी अंदाज, मग मोजणी. सुट्या बिया मोजताना मुलं चुकणार, दोनदा मोजून दोन उत्तरं येणार. ती येऊ द्या. त्यानंतरच काडेपेट्या पुढे करा: एका डबीत दहा. आधीच दहा-दहा भरून दिलेल्या डब्या म्हणजे मुलाचं काम तुम्ही करून टाकणं.

लिहिताना खरी अडचण येते. मूल ‘चोवीस’ ऐकतं, त्यात चार आधी येतात, आणि ते ४२ लिहितं. त्याला खोडरबर देऊन काही होत नाही. डब्या समोर ठेवून आधी बोलायला लावा: ‘दोन डब्या, चार सुट्या, चोवीस.’ लिहायचं डब्यांच्या बाजूने. ‘एकोणतीस’ला वेगळंच संकट, तिथे तीस ऐकू येतात म्हणून ३९ किंवा ३१ उमटतं. यावर उपाय तीन डब्या भरणं आणि तिसरीतली एक बी काढून घेणं. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस या तिन्हींना हेच करा, सलग तीन दिवस.

तपासा: ३०पर्यंत सरळ मोजणाऱ्या मुलाला तीन भरलेल्या डब्या आणि दोन सुट्या बिया द्या. ते डबी उघडून एक-एक मोजत असेल तर दशक अजून बसलेलं नाही. त्याला ९९कडे ढकलू नका.

## टप्पा ६: भोगी आणि तिळगूळ

भोगीला घरोघर मिसळीची भाजी असते. वर्गात वाल, ओला हरभरा, गाजर, वांगं, शेंगा ठेवा आणि गटांना वाटण्या करू द्या. निकष त्यांचा: रंगाचा, आकाराचा, शेंगेतलं-जमिनीखालचं. तुमचा निकष लादला की काम दोन मिनिटांत संपतं.

लाडू बिनपाकाचे. तीळ घरून भाजून आणा किंवा पोषण आहाराच्या ताईंकडून भाजून घ्या. वर्गात शेगडी नको. दोन वाट्या भाजलेले तीळ, एक वाटी दाण्याचा कूट, दीड वाटी किसलेला साधा गूळ, वेलची. चिकीचा गूळ घेऊ नका, तो पाकासाठी. तीळ थोडे कुटून घेतले तर लाडू वळतात, नाहीतर मुलांच्या हातात भुगा होतो.

क्रम: हात धुणं, वाटीने मोजणं, मिसळणं, वळणं. चित्रकार्डं लाडू झाल्यावर. आधी दाखवली तर मुलं कार्डांचा क्रम पाठ करतात, केलेल्या कामाचा आठवत नाहीत. ताटात दहा-दहा लाडू मांडले की टप्पा ५ची उजळणी झाली. ज्यांच्या घरी हा सण नसतो, ती मुलंही थंडीतला खाऊ म्हणून यात येतात. ‘तुमच्याकडे संक्रांत नसते का?’ हा प्रश्न वर्गात विचारू नका.

## पट कमी-जास्त होतो तेव्हा

बीडकडून ऊसतोडीला गेलेल्यांची मुलं दिवाळीनंतर वर्गातून निघून जातात आणि कारखान्यांच्या पट्ट्यातल्या शाळांत याच दिवसांत नवी मुलं दाखल होतात. जाणाऱ्या मुलाचं शिक्षण हमी पत्रक (नव्या शाळेत दाखवायचं पत्रक) भरून द्या आणि त्यावर नेमकं लिहा: कान्याचे शब्द वाचतो, दोन डब्यांपर्यंत मोजतो. ‘साधारण’ या शेऱ्याचा पुढच्या बाईंना उपयोग नाही. येणाऱ्या मुलाला थेट सुतळी कापायच्या किंवा ट्रेवर पाणी शिंपडायच्या पाळीत घ्या, तिथे मागचं काही येत असावं लागत नाही. त्याचा शब्दांचा टप्पा दुसऱ्या आठवड्यात तपासा, पहिल्या दिवशी नाही.

## शेवटची तपासणी, मूलनिहाय

फेब्रुवारीच्या मध्यावर प्रत्येक मुलाला तीन मिनिटं द्या, बाकीचा वर्ग चित्रं काढत असताना. सुतळ्यांपुढे उभं करून विचारा, सगळ्यात लांब कोणती आणि तेव्हा काय चाललं होतं. एक वाक्यपट्टी वाचायला द्या, आधी न दाखवलेली: *गवत गार आहे* किंवा *आजी गरम चहा पिते*. डब्या आणि सुट्या बियांनी ३७ मांडायला सांगा आणि लिहायला सांगा.

वाक्य अडलं तर टप्पा १च्या शब्दचढणीवर परत, नेमकं कोणत्या पायरीला अडलं ते बघून. ३७चे ७३ झाले तर डब्यांकडे परत. सुतळीपुढे मूल गप्प राहिलं तर लगेच शेरा मारू नका. बाहेर डब्याजवळ नेऊन तोच प्रश्न पुन्हा विचारा.